बर्फावर टाकलेली माती

भुसावळच्या माणसाचा बर्फाशी संबंध तो किती? उन्हाळ्यात रसवंतीवर भुशात ठेवलेली बर्फाची लादी आणि लग्नकार्यात पाण्याच्या पिंपात सोडलेला तिचा तुकडा, एवढाच. पारा ४५ च्या पुढे गेला तरी आमच्या गावाला त्याचे नवल नसते. अशा गावचा, चाळिशी ओलांडलेला, कचेरीत दिवसभर जमाखर्चाच्या वह्या पाहणारा माणूस फेब्रुवारी महिन्यात मोटारसायकल घेऊन हिमालयातल्या बर्फाच्या रस्त्यावर गेला, हे ऐकून पुष्कळांनी आम्हांला वेड्यात काढले. आमच्या पत्नीने तर स्पष्टच विचारले, "अहो, घरात काय थंडी कमी पडली म्हणून तिकडे चाललात?"

वस्तीतली तरुण मुले मात्र वेगळे प्रश्न विचारतात. गाडी कोणती होती, स्पीड किती होता, फोटो दाखवा. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी हे लिहायला बसलो आहोत. कारण त्या प्रवासात आम्हांला जे खरोखर मिळाले, ते एकाही फोटोत आलेले नाही.

हिवाळाच का?

गोष्ट २०२३ सालची. आमचा भाचा पुण्यात मोटारसायकलवरून घरोघर पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. दिवसाला शंभरेक किलोमीटर गाडी चालवणारा मुलगा, पण सगळी धाव एकाच शहराच्या गल्ल्यांत. "मामा, एकदा तरी अशा रस्त्याने जायचं, की ज्याच्या शेवटी पार्सल द्यायचं नाही," असे तो म्हणायचा. आमच्याही मनात फार दिवसांपासून ताबो होते. हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात इ.स. ९९६ साली बांधलेला हा बौद्ध मठ आजही चालू आहे. मातीच्या भिंती, आत हजार वर्षांची चित्रे. पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी पाहावे असे वाटत होते.

मग उन्हाळ्यात का गेलो नाही? नोकरदार आणि कष्टकरी माणसाचे कॅलेंडर निराळे असते. मार्चमध्ये वर्षअखेरीचे हिशोब, तेव्हा कचेरीत रजेचे नाव काढायचे नाही. एप्रिलमध्ये जयंती. जून-जुलैत वस्तीतल्या मुलांचे शाळाप्रवेश, दाखले, वसतिगृहाचे अर्ज. भाच्याचा धंदा दिवाळीपासून नवीन वर्षापर्यंत जोरात. दोघांना मोकळा असा एकच पंधरवडा उरला, तो फेब्रुवारीचा. तिसरे आमचे गॅरेजवाले मित्र, ज्यांना आम्ही मिस्त्री म्हणतो. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही दोघेच गेलात तर गाडी कुठे बंद पडेल आणि तुम्ही काय कराल, याच चिंतेने माझी झोप जाईल. त्यापेक्षा मीच येतो." त्यांची जुनी बुलेट आणि भाच्याची दीडशे सी.सी.ची पल्सर, अशा दोन गाड्या ठरल्या. माणसे तीन.

स्पितीला जाण्याचे मुख्य रस्ते दोन. मनालीहून कुंझुम खिंडीवरून जाणारा रस्ता हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फाखाली बंद असतो. दुसरा सिमल्याहून सतलज नदीच्या काठाकाठाने किन्नौरमधून जातो. तो एरवी हिवाळ्यातही चालू ठेवतात. बर्फ पडला की बंद, काढला की पुन्हा चालू. "चालू ठेवतात" हा शब्द आम्ही तेव्हा सहज वाचून पुढे गेलो. कोण चालू ठेवते, हा प्रश्न मनात आला नाही.

गाड्यांची टाकी रिकामी करून, बारदान गुंडाळून, सुतळीने शिवून त्या भुसावळहून अंबाल्यापर्यंत रेल्वेच्या पार्सलने पाठवल्या. अंबाल्यापासून ताबोपर्यंत सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास आणि तितकेच परत. काझा हे स्पितीतले मोठे गाव ताबोच्या पुढे ४७ किलोमीटर. तिथपर्यंत जायचे असा बेत होता.

थंडीचा हिशोब

बर्फ दिसण्याआधी आम्हांला वाऱ्याने गाठले. उभ्या माणसाला लागणारी थंडी आणि चालत्या गाडीवरची थंडी यांत फार फरक. उणे १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरने गाडी चालवली, तर अंगाला ते उणे २१ अंशांसारखे लागते. बोटांची टोके आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. थांबली की खरा धोका. बोटांना क्लच आणि ब्रेक कळेनासे होतात.

महागडे कपडे आमच्याजवळ नव्हते. मिस्त्रींनी गरिबाच्या युक्त्या सांगितल्या. लोकरीच्या हातमोज्यांच्या आत पातळ रबरी हातमोजे. पायात दोन मोजे आणि त्यांच्यावर प्लास्टिकची पिशवी, मग बूट. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या. कागदातून वारा लवकर शिरत नाही. पत्नीने निघताना या साप्ताहिकाचे जुने अंक बांधून दिले होते, "वाटेत वाचायला होतील" म्हणून. ते वाचूनही झाले आणि छातीशी बांधूनही झाले. संपादकांनी राग मानू नये. इतक्या जवळून हे साप्ताहिक आम्ही पूर्वी कधी अनुभवले नव्हते.

रात्री मुक्कामाला पोहोचलो की मिस्त्री बॅटऱ्या काढून खोलीत आणत आणि गोधडीत गुंडाळून ठेवत. गारठलेल्या बॅटरीत जोर राहत नाही आणि इंजिनातले ऑइल घट्ट होते. सकाळी सेल्फचे बटन दाबून उपयोग नाही. आधी चार-पाच किका नुसत्या मारून ऑइल हलवायचे, मग गाडी चालू करायची आणि पाच-दहा मिनिटे तशीच उभी ठेवायची. "म्हातारा माणूस आणि थंड इंजिन, दोघांनाही उठल्या उठल्या पळवू नये," असे ते म्हणत.

पहिला दणका

सिमल्याच्या पुढे नारकंडा सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. दोन्ही बाजूंना देवदाराची झाडे आणि सफरचंदाच्या बागा. फेब्रुवारीत झाडांवर एक पान नव्हते. रस्ता कोरडा, ऊन छान. भाचा चालवत होता, आम्ही मागे बसलो होतो. एक वळण देवदारांच्या सावलीत होते. तिथला रस्ता नुसता ओला दिसला. पुढच्या क्षणी गाडी आमच्या खालून निघून गेली आणि आम्ही दोघे रस्त्यावर बसल्या बसल्या घसरत कडेच्या नाल्यात गेलो.

लागले फारसे नाही; कपडेच इतके होते. पण तो पाण्यासारखा दिसणारा थर हाताने चाचपून पाहिला तेव्हा कळले, की ती बर्फाची पातळ काच आहे. आतून डांबराचा काळा रंग दिसतो, म्हणून डोळ्याला बर्फ वाटतच नाही. दिवसा डोंगरावरचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येते, ऊन कलले की गोठते आणि सावलीच्या जागी दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत तसेच राहते. पांढरा बर्फ निदान "मी आहे" असे सांगतो. हा सांगत नाही.

त्या रात्री आम्ही कागदावर हिशोब मांडला. बी.कॉम. झालेल्या माणसाला आकडे मांडल्याशिवाय समाधान होत नाही. कोरड्या डांबरावर टायरची जी पकड असते, तिच्या सातव्या हिश्श्याइतकीच ती गुळगुळीत बर्फावर उरते. म्हणजे ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर पाच मीटरच्या आसपास थांबत असेल, तर बर्फावर तिला पस्तीस मीटर लागतील. आणि घाटातल्या वळणावर पस्तीस मीटर कोण देणार?

तेव्हापासून नियम ठरले. सकाळी दहाच्या आधी निघायचे नाही, दुपारी तीननंतर चालवायचे नाही. टायरमधली हवा थोडी कमी. पुढच्या ब्रेकला बोट लावायचे नाही. तो दाबला की पुढचे चाक आडवे होते. पहिला किंवा दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखे चालवायचे. शंका आली की मागच्याने उतरून पुढे पायी जायचे आणि बुटाने रस्ता तपासायचा. या तपासनिसाच्या कामावर बहुतेक वेळा आमचीच नेमणूक होई.

मलिंग नाल्यावर

रामपूर आणि रिकाँग पिओ इथे मुक्काम करून सहाव्या-सातव्या दिवशी आम्ही नाको गावी पोहोचलो. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथे हवा विरळ; चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. खाब इथे स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून पुढे झाडे संपतात. उघडे, मातकट, उभे डोंगर आणि त्यांच्या कमरेला ओरखडा काढावा तसा रस्ता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदीपर्यंत काही नाही.

नाकोच्या पुढे मलिंग नाला म्हणून जागा आहे. दरडी कोसळण्यासाठी ती कुप्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तिथे डोंगरातून झिरपणारे पाणी रस्त्यावर थरावर थर गोठते. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्या दिवशी भाच्याचा हात दुखत होता म्हणून गाडी आमच्या हातात होती आणि तो मागे चालत येत होता. नारकंड्यानंतर आम्ही पडलो नव्हतो. दोन-तीन दिवस न पडणारा माणूस स्वतःला उस्ताद समजू लागतो. आम्हीही समजू लागलो होतो.

वळण घेतले आणि पुढे सगळा रस्ता काचेचा. मेंदूने सांगितले की ब्रेक लावायचा नाही. पण हाताला पंचवीस वर्षांची सवय. हाताने पुढचा ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली आणि आम्ही गाडीसकट दरीच्या बाजूने घसरू लागलो. अगदी हळू. पळून जायचा असतो तसा वेग नव्हता. पण थांबायचेही नाव नव्हते. त्या चार-पाच क्षणांत आम्हांला धम्म आठवला नाही, समाजकार्य आठवले नाही. मुलीची कॉलेजची फी भरायची राहिली आहे, एवढेच आठवले.

गाडी थांबली ती रस्त्याच्या कडेला रचलेल्या दगडांना अडकून. पुढचे चाक दगडांवर आणि आमचा पाय गाडीखाली. "हिलना मत! वहीं रहो!" असा आवाज आला आणि बर्फावर मातीचा सडा पडू लागला. घमेल्याने कोणी तरी माती टाकत, त्या मातीवर पाय ठेवत आमच्याकडे येत होते. दोघांनी गाडी उचलली, एका बाईने आमचा दंड धरून ओढले. मिस्त्री आणि भाचा पोहोचेपर्यंत आम्ही मातीवर उभे होतो.

ती चार माणसांची टोळी होती. नवरा-बायको नेपाळचे, दुसरे दोघे झारखंडातल्या दुमक्याकडचे. हातात पहार, टिकाव, फावडे. पायात रबरी बूट. अंगावर दोन-दोन स्वेटर, कोणाच्या डोक्याला टॉवेल. एका डांबराच्या पिंपात लाकडे पेटवली होती, तेवढीच ऊब. सकाळपासून ते बर्फ फोडत होते आणि कडेची माती खणून रस्त्यावर पसरत होते. ज्या दगडांनी आमचा जीव वाचवला, ती रास त्यांनीच आदल्या दिवशी रचली होती. "इधर गाडी फिसलती है," एवढेच कारण त्यांनी सांगितले.

त्यांनी आम्हांला पिंपाजवळ बसवले आणि डब्यातला काळा चहा दिला. आम्ही पैसे पुढे केले तर त्या बाईने नुसती मान हलवली. बोलता बोलता दुमक्याचा मुलगा म्हणाला, की तो आमच्या भाच्याच्याच वयाचा आहे. घरी केव्हा जातो, असे विचारले. "रास्ता छोड़े तब ना," असे म्हणून तो हसला. त्याच्या उजव्या हातमोज्यातून दोन बोटे बाहेर आली होती आणि त्यांची कातडी फुटून काळी पडली होती. आमच्या भाच्याने काही न बोलता आपल्या पिशवीतला हातमोज्यांचा दुसरा जोड काढला आणि त्याच्या फावड्याच्या दांड्याला अडकवून ठेवला. त्याने तो तेव्हा घातला नाही. "शाम को पहनूंगा, अभी मिट्टी लगेगी," म्हणाला.

सीमेकडचे असे रस्ते १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना बांधते आणि चालू ठेवते. ही कामे अनेक वर्षांपासून झारखंडातल्या संथाल परगण्यातून येणाऱ्या मजुरांच्या हातांवर चालत आली आहेत. २०२० साली टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या अशा ६० मजुरांना मे महिन्याच्या अखेरीस झारखंड सरकारने विमानाने रांचीला आणले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांचे नाव निघाले. पुढच्याच महिन्यात दुमक्याहून खास आगगाडी भरून मजूर पुन्हा त्याच कामासाठी वर गेले. ती बातमी आम्ही वाचली होती आणि विसरलोही होतो.

या रस्त्याचा इतिहासही असाच आहे. हिंदुस्थान-तिबेट मार्ग म्हणून १८५० साली लॉर्ड डलहौसीच्या काळात त्याचे काम सुरू झाले. सिमल्याच्या डोंगरी संस्थानांत तेव्हा बेगार होती. साहेबांची ओझी वाहायची, रस्ते खणायचे आणि मोबदला मागायचा नाही. नारकंड्याजवळच्या कोटगढला स्थायिक झालेले, पुढे सत्यानंद नावाने ओळखले गेलेले सॅम्युअल स्टोक्स यांनी १९२१ च्या सुमारास या बेगारीविरुद्ध लोकांना उभे केले. वेठ म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आज रस्त्यावरच्या माणसाला मजुरी मिळते, हा फरक मोठा आहे. पण बर्फ तोच आणि फावडे धरणारा हातही गरिबाचाच.

काझा राहिले

दुपारी ताबोला पोहोचलो. पाय सुजला होता, पण मठ पाहिल्याशिवाय राहवेना. बाहेरून तो एखाद्या खेड्यातल्या मातीच्या घरासारखाच साधा. आत अंधार. डोळे सरावले की भिंतींवरची चित्रे एकेक करून दिसू लागतात. १९७५ सालच्या जानेवारीत या भागाला मोठा भूकंप झाला, त्यात मठाचेही नुकसान झाले. तरी तो उभा राहिला. तिथल्या एका वृद्ध भिक्खूने आमच्याकडे पाहून फक्त विचारले, "मोटारसायकलवर? आता?" आणि त्यांनी आमच्या सुजलेल्या पायाकडे बोट दाखवून हसत नकारार्थी मान हलवली. त्या उपदेशाला भाषांतराची गरज पडली नाही.

त्या रात्री बर्फ पडू लागला तो दुसऱ्या दिवशीही थांबला नाही. ज्या घरी उतरलो होतो तिथे खोलीच्या मध्यभागी लोखंडी शेगडी. नळ गोठलेले, पाणी बर्फ वितळवून. घरची आजी आम्हांला थुक्पा वाढायची आणि लोणी-मिठाचा चहा द्यायची. त्या चहाला आम्ही आधी चहा म्हणायला तयार नव्हतो, तिसऱ्या दिवशी मागून घेऊ लागलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडले आणि आमच्यात भांडण झाले. भाचा म्हणे, काझा फक्त ४७ किलोमीटर आहे, एवढ्या लांब येऊन परत फिरायचे का? सोबत्यांना त्याने सांगून ठेवले होते की काझ्याच्या पेट्रोल पंपावरचा फोटो पाठवीन. मिस्त्री म्हणाले, "ताज्या बर्फाखाली काय आहे ते कोणाला दिसतं? गाडी मी दुरुस्त करीन, माणूस नाही करता येत." भाचा चिडून म्हणाला, "मामा, तुम्ही घाबरलात." आम्ही म्हणालो, "हो, घाबरलो." एवढा सरळ जबाब त्याला अपेक्षित नसावा. तो गप्प झाला आणि दिवसभर बोलला नाही.

आम्ही काझ्याला गेलो नाही. रस्ता मोकळा झाल्याचे कळले तेव्हा परतीला लागलो. मलिंग नाल्यावर आलो तर रस्त्याच्या मध्यभागी दोन हात रुंदीचा मातीचा पट्टा होता, अंगणात सडा घालावा तसा. तीच चार माणसे. दुमक्याच्या मुलाच्या हातात भाच्याने दिलेले हातमोजे होते, मातीने माखलेले. त्याने हात वर केला. भाच्याने गाडी थांबवली, उतरला आणि त्याच्या हातातले फावडे घेऊन अर्धा तास माती टाकत राहिला. आम्ही आणि मिस्त्रींनी घमेली उचलली. विरळ हवेत दहा घमेल्यांतच आमची छाती भरून आली. ते लोक दिवसभर हेच करतात. निघताना भाचा आमच्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, काझा नाही झालं ते बरं झालं." त्या विषयावर तो पुन्हा काही बोलला नाही.

आबांचा प्रश्न

घरी आलो तेव्हा शेजारपाजारचे जमले. फोटो पाहिले, मुलांनी पुन्हा स्पीड विचारला. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, कोपऱ्यात खाटेवर बसले होते. वय ७८. रेल्वेत गँगमन म्हणून लागले, गँगमन म्हणूनच निवृत्त झाले. सगळे गेल्यावर त्यांनी एकच विचारले, "त्या रस्त्यावरच्या माणसांना शेकोटीला लाकडं सरकार देतं, का त्यांची त्यांनीच आणायची?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही ते विचारलेच नव्हते.

मग आबा बोलू लागले. थंडीत लोखंड आकसते. रूळ ओढला जातो आणि वेल्डिंगच्या जागी तडकतो. म्हणून हिवाळ्यात रात्री रुळांवर गस्त असते. दोघे जण, हातात बत्ती, खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत फटाके. रूळ तुटलेला दिसला की एकाने गाडी येणाऱ्या दिशेने पळत जायचे आणि रुळावर फटाके बांधायचे. इंजिन त्यांवरून गेले की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. "डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा रूळ हातानं चाचपायचा असे. लोखंड इतकं गार, की हात चिकटला की काय वाटायचं. एकदा तडा सापडला. वरून पॅसेंजर यायची होती. थांबवली. लोकं खिडकीतून शिव्या देत होती, गाडीला उशीर झाला म्हणून."

ही गोष्ट आबांनी लहानपणी आम्हांला सांगितली नसेल असे नाही. सांगितलीच असेल. आम्ही ऐकली नाही. आम्हांला आठवते ते एवढेच, की पहाटे दार वाजायचे, आई चूल पेटवायची आणि आबा आत येऊन बराच वेळ दोन्ही हात चुलीपुढे धरून बसायचे. बोलायचे नाहीत. आम्ही समजत होतो, ते रागावलेले आहेत. पंचवीस किलोमीटर वेगाने मोटारसायकल चालवून बोटे बधिर झाली, तेव्हा कुठे आम्हांला कळले की ओठ आणि बोटे गारठलेला माणूस बोलू शकत नाही. बापाचे हात समजायला आम्हांला हिमालयात जाऊन पडावे लागले.

तरुण मुलांना आता दोन शब्द. जायचे असेल तर जरूर जा. कष्टकऱ्याच्या मुलाने फक्त पोट भरण्यासाठीच गाडी चालवावी असा नियम कोणी केलेला नाही. पण पैसे साठवून जा, कर्ज काढून नाही. हेल्मेट, हातमोजे आणि बूट यांत कंजुषी करू नका. उंचीवर एकदम चढू नका. मध्ये मुक्काम करा, डोके दुखून उलटी होऊ लागली तर खाली उतरा. सोबत गाडी समजणारा एक आणि घाबरणारा एक, असे दोघे असू द्या. घरच्यांना रोजचा मुक्काम कळवा. आणि परत फिरण्याची लाज बाळगू नका. बर्फावर ज्याला वेळेवर हळू होता येते, तोच घरी येतो.

दुसरी गोष्ट. रस्त्यावर काम चालू असलेले दिसले की आपण हॉर्न वाजवतो. उशीर होतो म्हणून चिडतो. रात्रीच्या गाडीला उशीर झाला की आपणही खिडकीतून बोलतो. पुढच्या वेळी गाडी हळू करा, दिव्याचा झोत खाली घ्या. काही विचारायचेच असेल तर आबांनी विचारले ते विचारा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भाचा सुटीवर भुसावळला आला होता. पहाटे जाग आली तर तो आबांच्या खाटेजवळ बसलेला. आबा त्याला हाताने हवेत दाखवून सांगत होते, तडा कुठे पडतो, फटाका कसा बांधतात. शेगडीत कोळसे पेटलेले होते. आम्ही आमची गोधडी घेतली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो. या वेळी ऐकायचे ठरवून.